चित्रातला प्रोग्राम हा प्रोग्रामच असतो, त्याला खेळणं म्हणू नका

उद्यमनगरी

गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमात पाहुणे बोलून गेले, "ठोकळे जोडून, रेघा ओढून प्रोग्राम करणं हे पोरांचं खेळणं. खरं काम कोड लिहिणाऱ्याचं." समोर डिप्लोमाची पोरं बसली होती. मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कंट्रोल पॅनल बांधतोय, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बसवून देतोय. त्यातली निम्मी पोरं उद्या याच फाउंड्र्यांत कामाला येणार, म्हणून गप्प बसवेना.

पीएलसी आली १९६० च्या दशकाच्या शेवटी, जनरल मोटर्सच्या गरजेतून. त्याआधी कपाटंच्या कपाटं भरून रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे स्विच, असायचे. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उसवायची आणि पुन्हा करायची. नवं यंत्र आलं तेव्हा त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, डावीकडे कॉन्टॅक्ट म्हणजे अटी, उजवीकडे कॉइल म्हणजे अटी जुळल्या की काय चालू करायचं ते. म्हणून तिला लॅडर म्हणतात. रात्री ती वाचणार होता इलेक्ट्रिशियन, हे बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. पुढं १९९३ ला आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात पाच भाषा धरल्या, तेव्हाही लॅडर राहिली.

आता हे बघा. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता एका फाउंड्रीतून फोन आला. साच्याची वाळू कालवणारा सँड मिक्सर भरलाय, पण वाळू बाहेर सोडणारं डिस्चार्ज गेट उघडत नाही. मोल्डिंग लाइन उभी, भट्टीत धातू तयार. तिथला इलेक्ट्रिशियन आयटीआय झालेला पोरगा, कोडिंगचा एक तासही केलेला नाही. त्यानं लॅपटॉप लावला, लॅडर ऑनलाइन केली आणि फोनवर मला वाचून दाखवू लागला : पहिला कॉन्टॅक्ट हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा हिरवा, चौथा पांढरा, म्हणजे ती अट जुळलेली नाही. चौथा होता गेटखालच्या प्रॉक्सीचा, म्हणजे वस्तू जवळ आहे का ते ओळखणाऱ्या सेन्सरचा. म्हटलं, जाऊन बघ. त्या प्रॉक्सीवर ओल्या वाळूचा थर बसलेला. फडक्यानं पुसला, गेट उघडलं. अकरा मिनिटं लागली. तोच प्रोग्राम शंभर ओळींच्या मजकुरात असता तर मला पन्हाळ्याच्या पायथ्यापासून पावसात गाडी काढावी लागली असती, आणि तोवर भट्टीतल्या धातूचं काय झालं असतं ते फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको.

ज्याला कळायला पाहिजे त्याला कळतो तो चांगला प्रोग्राम, असं माझं मत आहे. इथल्या कोडवाल्यांना काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

दादा, लॅडरबद्दल तुमचं सगळं मान्य. पण लॅडरपुढचे प्रश्न ठरलेले असतात : हे चालू आहे का, ते बंद आहे का, मग ही मोटर फिरव. व्यवहाराचे प्रश्न तसे नसतात.

माझ्याकडे आलेलं काम सांगतो. शेतीची अवजारं बनवणारा एक कारखाना. मालकांच्या पुतण्यानं नो-कोडवर, म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायच्या टूलवर, बिलाचं ॲप बनवलं. डबे ओढायचे, बाण जोडायचे. पहिले सहा महिने सगळे खूश. मग कागलची पार्टी असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, निपाणीची म्हणजे कर्नाटकातली असेल तर आयजीएसटी. उधारीवाल्याला वेगळी वाट, रोखवाल्याला वेगळी. प्रत्येक वेळी त्यानं जुना डबा कॉपी करून नवीन फांदी काढली. २२ सप्टेंबर २०२५ ला त्या अवजारांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तो १२ चा आकडा सतरा डब्यांत बसला होता. सगळीकडचा एकदम शोधून द्यायची सोयच त्या टूलमध्ये नव्हती. पोरानं एकेक डबा उघडून सोळा बदलले. सतरावा राहिला, राज्याबाहेरच्या उधारीच्या फांदीवर. निपाणीच्या डीलरचा फोन आला तेव्हा कळलं, पंधरा दिवस चुकीची बिलं जात होती.

मजकुरात असतं तर एक शोध मारला की सतराच्या सतरा ओळी समोर. काल आणि आजमध्ये काय बदललं तेही ओळीओळीनं दिसतं. नोड-रेडसारख्या डबे जोडायच्या टूलमध्ये डबा नुसता बाजूला सरकवला तरी फाइलमधले आकडे बदलतात. खरा बदल कुठला आणि सरकवलेला कुठला, हेच शोधत बसायचं.

सॉफ्टवेअरमधले जुने जाणते फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की इमारतीला जशी जागेतली आकृती असते तशी सॉफ्टवेअरला नसते, म्हणून ते एका चित्रात मावत नाही. ते टूल बंद पडलं किंवा दर वाढले तर ॲप घेऊन दुसरीकडे जाताही येत नाही. हे बोलत नाही कुणी.

उद्यमनगरी

सतरा ठिकाणी एकच आकडा लिहिणारा पोरगा कोडमध्येही सतरा ठिकाणीच लिहिणार. दर एका तक्त्यात ठेवायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलं नाही. दोष चित्राला कसा द्यायचा?

टूलवाल्याच्या तावडीत अडकण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. पीएलसीतही एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. मानक असूनसुद्धा. मी भोगलंय.

राजारामपुरी_नववी_गल्ली

पटलं, चूक शिकवण्याची. पण माणूस चुकणारच हे धरून चालायचं, आणि चुकलेलं लवकर सापडेल अशी हत्यारं हातात ठेवायची. माझा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

करवीरची_शिक्षिका

तुम्ही दोघंही कारखान्याचं बोलताय, मी शाळेचं सांगते. माझी शाळा नदीकाठच्या गावात आहे, मराठी माध्यम. सहावी-सातवीच्या मुलांना मी स्क्रॅच शिकवते, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, २००७ पासून फुकट मिळतं. आधी एक वर्ष मजकुराची भाषा शिकवून बघितली होती. अर्धा तास कंस कुठे राहिला आणि स्पेलिंग कुठे चुकलं यातच जायचा. मुलं विचार करायच्या आधीच दमायची.

स्क्रॅचमध्ये एका मुलानं पंचगंगेचा प्रोग्राम केला. राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची. ३९ फुटांच्या वर गेली तर पडद्यावरचं मांजर म्हणणार 'इशारा', ४३ च्या वर गेली तर 'धोका'. आमच्याकडे हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात, २०१९ ला वर्गात पाणी आलं होतं. त्यानं ४४ टाकले, तर मांजर 'इशारा'च म्हणालं. बराच वेळ तो नुसता बघत बसला. मग बोट ठेवून म्हणाला, "बाई, ४४ हे ३९ पेक्षापण मोठंच आहे की! ते पहिल्या दारातनंच आत गेलं." ४३ चा नारिंगी ठोकळा उचलून वर नेला, ३९ चा खाली लावला. झालं.

अट कुठल्या क्रमानं तपासायची हे त्याला कळलं, तेही बाराव्या वर्षी. दादा, याला खेळणं म्हणणाऱ्या पाहुण्यांना एकदा आमच्या वर्गात घेऊन या.

पॉलिटेक्निकचा_मास्तर

ताई, तुमचं काम मोठं आहे, पण पुढची बाजूही ऐका. ठोकळ्यांवरच राहिलेली मुलं माझ्याकडे पहिल्या वर्षाला येतात आणि कोऱ्या पडद्यासमोर थिजतात. ठोकळे समोर मांडलेले असतात तेव्हा निवडायचं असतं. कोऱ्या पानावर आठवून लिहायचं असतं. आठवीपासून हळूहळू मजकुराकडे न्या, एवढीच विनंती.

करवीरची_शिक्षिका

हो सर, मजकुराकडे नेतेच. नववीला पायथन ही मजकुराची भाषा सुरू करतो. पण त्या मुलाला पायथनमध्ये अट लिहिताना मी फक्त एवढंच म्हणाले, "पंचगंगा आठव."

इचलकरंजीकर

आमच्याकडे हा वाद यंत्रमागाइतका जुना आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीचं कापड विणायच्या मागावर, नक्षी काढायची तर आधी आलेख कागदावर चौकोन भरायचे. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि माग ती वाचायचा. चित्र हाच प्रोग्राम, १८०४ पासून.

पण माझे वडील नक्षी काढणाऱ्या नव्या पोराला आधी मागावर बसवायचे. ज्याला वीण माहीत नाही तो कागदावर झकास मोर काढतो, आणि मोराच्या पिसाऱ्यात धागा वीस-वीस टोकांवरून मोकळाच तरंगत राहतो. कापड धुतलं की तो अडकतो, ओढला जातो, मोर फाटतो. कागदावर तो दोष दिसत नाही. बिलाच्या ॲपमध्ये तेच झालंय. चित्र काढता आलं, वीण कळली नव्हती. 'कोड शिकायची गरज नाही' अशी जाहिरात करणारे लोक 'शिकायचीच गरज नाही' असं पोरांच्या डोक्यात भरवतात, त्याचा मला राग येतो.

राजारामपुरी_नववी_गल्ली

काका, हे मी पुण्याच्या मीटिंगमध्ये सांगणार. आणि दादा, एक खरं सांगा. आता एआयला मराठीत सांगितलं तरी कोड लिहून मिळतो. मग चित्र कशाला?

उद्यमनगरी

लिहून मिळेल. रात्री दोनला वाचायचा कुणी? तो आयटीआयचा पोरगाच ना.

पण तुमच्या सतराव्या डब्यानं मला विचारात पाडलंय. नव्या प्लँटला वाळूची रेसिपी घालायची आहे. बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) किती, कोळशाची पूड किती, ओलावा किती, आणि कास्टिंगप्रमाणे ते बदलणार. हे हिशोब लॅडरमध्ये घातले की पायऱ्यांवर पायऱ्या चढतात, मलाच वाचवत नाहीत. त्याच मानकातली स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही मजकुराची भाषा वापरीन म्हणतो, आकडे एका तक्त्यात ठेवून. गेट, मोटर, इंटरलॉक (एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी चालू होऊ न देणारी सुरक्षा) मात्र लॅडरमध्येच.

नाइटशिफ्ट

अण्णा, त्या रात्रीचा पोरगा मीच. रेसिपी मजकुरात घाला, काय अडचण न्हाई. पर परत्येक भागावर कॉमेंट, म्हंजे हे काय करतंय त्याची टीप, टाका, आणि मराठीत टाका. सॉफ्टवेअर देवनागरी घेत नसलं तर इंग्रजी अक्षरात मराठी लिवा. मागच्या प्लँटला कुणीतरी नुसतं 'एम १०७' लिवून ठेवलंय, ते काय हाय ते अजून कुणालाच ठावं न्हाई, आणि हात लावायचं धाडस बी कुणाला व्हईना.