गरम लोफ कोणी गुंडाळला?

(अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाच्या ग्रुपवरचं बोलणं, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचं.)

मोठी वहिनी: शनिवारी सकाळी ८ ला आमच्याकडे. सफरचंदाच्या ब्रेडचे छोटे लोफ चोवीस. कोण येणार ते आजच सांगा, आयत्या वेळी "मुलांचा क्लास आहे" नको. आणि गेल्या वर्षीसारखं झालं तर पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी कुणालाही काही देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

धाकटी वहिनी: गेल्या वर्षीसारखं म्हणजे काय वहिनी?

मोठी वहिनी: म्हणजे शेजारच्या आजी चौथ्या दिवशी स्वतः दारात आल्या होत्या. हातात आपलाच लोफ, खालून हिरवा. "तुला कळावं म्हणून आणला, राग मानू नकोस" म्हणाल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं मला. बाई एकट्या राहतात, ऐंशीच्या घरात आहेत. एखाद्या वेळी दिसलं नसतं आणि खाल्लं असतं तर?

नाना: आक्रोडवाले लोफ वेगळे. चिठ्ठी लावा. मागेच सांगितलं होतं.

मोठी वहिनी: नाना, आक्रोडाचं नंतर बघू. आधी बुरशीचं.

धाकटी वहिनी: गेल्या वर्षी पॅकिंगला मी होते, म्हणून विचारते. काय ते स्पष्ट बोललेलं बरं.

मोठी वहिनी: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

धाकटी वहिनी: घेतलं नाही, पण पॅकिंगला एकटी मीच होते ना.

धाकटा: पहिला लोफ ओव्हनमध्ये जायच्या आत इथलंच तापमान ३५० फॅरनहाइट झालं 😄

मोठी वहिनी: भावजी, तुम्ही शनिवारी सफरचंदं सोलायला या, मग बोला.

आत्या: माझे लोफ बिनअंड्याचे. पॅन वेगळे, चमचा वेगळा. गेल्या वर्षी एकाच वाडग्यात ढवळलं होतं, मी पाहिलं होतं पण बोलले नाही.

मोठी वहिनी: आत्या, तुमचे दोन सर्वांत आधी काढू, भांडी स्वच्छ असतानाच. दोन अंड्यांऐवजी अर्धा कप ॲपलसॉस आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर जास्त. गेल्या महिन्यात करून पाहिलाय. किंचित कमी फुगतो, पण मऊ होतो.

आत्या: तसं असेल तर ठीक. साखर कमी घाल.

ताई (डेन्व्हर): वहिनी, मला पण तीच कृती टाक ना परत. माझे दोन्ही वेळा मधे खड्डा पडून बसले. वर छान फुगतात, शेवटच्या दहा मिनिटांत बसतात. इथे सगळ्या टीचरना द्यायचेत.

मोठी वहिनी: टाकते. एका मोठ्या ९ बाय ५ पॅनचं प्रमाण, म्हणजे आपले छोटे तीन:
मैदा २ कप. कप मैद्यात बुडवून भरू नका, चमच्याने भरून वर सुरी फिरवा, एक कप साधारण १२० ग्रॅम बसतो. बेकिंग सोडा १ छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा, मीठ अर्धा, दालचिनी दीड, जायफळ पाव. ब्राऊन शुगर पाऊण कप, तेल अर्धा कप, अंडी २, ताक पाव कप (इथलं बटरमिल्क). सफरचंद सोलून किसलेलं दीड कप, म्हणजे मध्यम दोन. ३५० वर मोठा लोफ तासभर, छोटे ३० ते ३५ मिनिटं.

आत्या: पाऊण कप म्हणजे जास्तच आहे.

धाकटी वहिनी: लोणी नाही? मला लोण्याचीच चव आवडते.

मोठी वहिनी: लोण्याचा पहिल्या दिवशी छान लागतो, तिसऱ्या दिवशी घट्ट होतो. तेलाचा मऊ राहतो. आपण भेट म्हणून देतो, समोरचा कधी कापेल सांगता येत नाही.

भाचा (मिनेसोटा): आई, तुझ्या खड्ड्याचं कारण उंची. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. हवेचा दाब कमी, म्हणून सोड्याचा वायू जास्त पसरतो, ब्रेड भराभर चढतो आणि आतला मैदा धरायच्या आत कोसळतो. सोडा आणि पावडर पाव हिश्शाने कमी कर, साखर दोन चमचे काढ, ताक दोन-तीन मोठे चमचे वाढव, ओव्हन ३७० वर ठेव आणि पाच-सात मिनिटं आधीच बघायला लाग.

ताई (डेन्व्हर): हे तू मला फोनवर का नाही सांगितलंस? मी तुला दोन्हींचे फोटो पाठवले होते.

भाचा (मिनेसोटा): परीक्षा होती गं.

ताई (डेन्व्हर): आणखी एक. वहिनी म्हणते ब्रेडच्या मधोमध खुपसलेल्या थर्मामीटरने २०० ते २०५ दाखवलं की काढ. माझं २०० ला जातच नाही. वाट बघता बघता कडा लाकडासारख्या झाल्या.

भाचा (मिनेसोटा): जाणारच नाही. तुमच्याकडे पाणीच २०३ च्या आसपास उकळतं. तू १९५ ला काढ.

ताई (डेन्व्हर): बारा वर्षं राहते इथे, आज कळतंय.

नाना: आक्रोडवाले लोफ वेगळे. चिठ्ठी लावा.

धाकटा: नाना, तुम्ही हा मेसेज सेव्ह करून ठेवलाय का 😀

नाना: हो, ठेवलाय. कारण माझ्या नातवाला एकदा तसाच एक तुकडा दिला गेला होता. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, सांगायचं राहून गेलं इतकंच. ओठ सुजले, श्वास लागला, सुनेने गाडीतच इंजेक्शन दिलं. पाच वर्षांचा होता. त्या रात्री मी इमर्जन्सीच्या बाहेर बसून होतो. म्हणून सांगतो, आणि सांगत राहीन.

धाकटा: नाना, माफ करा. माझ्या डोक्यातून गेलं होतं.

मोठी वहिनी: नाना, या वर्षी एकाही लोफात आक्रोड नाही. पिकान (आक्रोडासारखा इथला सुकामेवा) पण नाही. ज्यांना हवेत त्यांना वेगळ्या पुडीत देऊ.

नाना: तरी चिठ्ठी हवी. विकतच्या पाकिटावर कायद्याने ॲलर्जीच्या नऊ गोष्टी लिहाव्या लागतात, २०२३ पासून तिळाची भर पडली. आपल्या घरच्या लोफावर कोण लिहिणार? आपणच. गहू, अंडं, दूध. आणि "त्याच स्वयंपाकघरात आक्रोड वापरतो" हे पण.

पुतणी: नाना आजोबा, चिठ्ठ्या मी करते. सफरचंदाचं चित्र काढून. पण काकू, हा व्हिडिओ बघ ना! काचेच्या बरणीतच ब्रेड भाजायचा आणि गरम असतानाच झाकण लावायचं, हवाबंद. वर्षभर टिकतो म्हणतात. वर रिबन. किती गोड दिसतो!

धाकटी वहिनी: अगं छानच दिसतोय. प्लास्टिक पण वाचेल.

भाचा (मिनेसोटा): नाही नाही नाही. हे करू नका. आत ओल असते, हवा नसते, आणि ब्रेडला फारसा आंबटपणा नसतो, सफरचंद घातलं तरी. बोट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जिवाणूला नेमकं हेच लागतं. भाजताना बाकीचे मरतात, त्याचे बीजाणू राहतात. वास नाही, रंग नाही, कळणार पण नाही. इथली विद्यापीठांची एक्स्टेंशन खाती, म्हणजे लोकांना घरगुती सल्ला देणारी, या बरणीतल्या ब्रेडबद्दल कधीपासून इशारा देतायत. शिवाय त्या बरण्या ओव्हनच्या कोरड्या उष्णतेसाठी केलेल्या नसतात, तडकतात.

पुतणी: ओके 😞

भाचा (मिनेसोटा): बरणी आवडत असेल तर कोरडं मिश्रण भर. मैदा, मसाला, साखर थराथराने. कृतीची चिठ्ठी बांध. ओलं काही नको.

पुतणी: हे भारी आहे! माझ्या टीचरना तेच देते.

धाकटा: वहिनी, एवढे करताच आहात तर विकायला काढू. मी हिशोब बघतो.

नाना: आपल्या न्यूजर्सीत घरचं बेकिंग विकायला २०२१ पासून परवानगी आहे, पण परमिट काढावं लागतं. भेट द्यायला नाही लागत.

धाकटा: नानांना सगळं माहीत असतं!

मोठी वहिनी: मूळ मुद्दा राहिला बाजूला. गेल्या वर्षी दोन चुका झाल्या. एक, चार लोफ मधे कच्चे होते. ती माझी चूक, मान्य. सफरचंदं फार रसाळ होती आणि मी अंदाजाने किसून टाकली, मोजली नाहीत. पॅन काठापर्यंत भरले, दोन तृतीयांशच भरायचे असतात. वरून लाल दिसले म्हणून काढले. या वेळी मधोमध टूथपिक आणि थर्मामीटर दोन्ही. वरून लवकर रंगले तर सैलसर फॉइल टाकायची आणि आत भाजू द्यायचं. दोन, गरम असताना गुंडाळले. वाफ आतच अडकली, तळाला पाणी सुटलं, बुरशी. दहा-पंधरा मिनिटं पॅनमध्ये, मग जाळीवर, आणि हाताला पूर्ण गार लागेपर्यंत, दोन तास लागले तरी चालतील, कुणी क्लिंग रॅपला (गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकला) हात लावायचा नाही.

धाकटी वहिनी: वहिनी, मी त्या दिवशी साडेचारला निघाले होते, मुलीचा कार्यक्रम होता. शेवटचे आठ तेव्हा ओव्हनमध्ये होते. मी गुंडाळले ते सगळे सकाळचे, गार झालेले. वर्षभर तुम्ही मला काही म्हणाला नाहीत, पण संक्रांतीला आणि त्यानंतरही मला तुमच्या बोलण्यात ते जाणवत होतं. आज विषय निघालाच म्हणून सांगितलं.

ताई (डेन्व्हर): अगं बाई.

आत्या: साडेचारनंतर मी पण देवळात गेले होते.

मोठी वहिनी: मग ते आठ कोणी गुंडाळले?

नाना: चिठ्ठीवर तारीख पण घाला. भाजल्याची.

दादा: मी गुंडाळले.

दादा: तू वर आंघोळीला गेली होतीस. टेबल रिकामं करून ठेवावं, तुला बरं वाटेल, म्हणून पटापट गुंडाळून पिशव्यांत भरले. हाताला गरम लागत होते. गरम दिले तर जास्त छान, असं मला वाटलं. आजी आल्या त्या दिवशीच लक्षात आलं, पण तू इतकी चिडलेली होतीस की धीर झाला नाही. नंतर राहूनच गेलं.

मोठी वहिनी: एक वर्ष?

दादा: हो. चुकलं माझं. तुझ्याशी पण आणि तिच्याशी पण.

धाकटा: दादा 🙏

मोठी वहिनी: मी जरा वेळाने बोलते.

आत्या: साखर खरंच कमी घाला. आम्हा दोघांना डॉक्टरांनी सांगितलंय.

ताई (डेन्व्हर): आत्या, अर्धा कप केलं तर चालेल का वहिनीला विचारते. पण आत्ता नको.

भाचा (मिनेसोटा): सफरचंद कुठलं घेणार? इथे हनीक्रिस्प आमच्याच विद्यापीठाचं म्हणून सगळे तेच घेतात. १९९१ ला बाजारात आणलं. कापून खायला अप्रतिम, पण किसलं की पाणी फार.

धाकटी वहिनी: आपण ग्रॅनी स्मिथ घेऊ या. आंबट, घट्ट. आंबटपणाने सोड्यालाही काम मिळतं. आणि अर्धं किसून, अर्धं बारीक चिरून घातलं तर ओलावा आटोक्यात राहील आणि फोडी दाताखाली येतील. मी ऑक्टोबरमध्ये तसा केला होता.

पुतणी: मी खाल्लेला तो! वरची दालचिनी-साखर कुरकुरीत होती!

आत्या: वरून आणखी साखर?

मोठी वहिनी: आले. बाहेर फेरी मारून आले.
(धाकटीला) अगं, माझी चूक झाली. मी न विचारता मनात धरलं. संक्रांतीला मी जे बोलले ते मला आठवतंय. बोलायला नको होतं. शनिवारी लवकर ये, आठ वाजायच्या आधी चहा घेऊ, तेव्हा नीट बोलू. सगळं इथे लिहिता येत नाही.

धाकटी वहिनी: येते वहिनी. साडेसातला.

मोठी वहिनी: सफरचंदं तुझ्या म्हणण्याप्रमाणे. ग्रॅनी स्मिथ, अर्धं किसून अर्धं चिरून. बॅटर तूच ढवळ, माझा हात जड आहे. मी कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत घोटत बसते आणि मग आत भोकं पडतात, रबरासारखा होतो.

धाकटी वहिनी: पंधरा-वीसदा फिरवून थांबायचं. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी राहू देत.

मोठी वहिनी: पाच पौंडांची मैद्याची एक पिशवी पुरते, आठ वेळा दोन कप. सफरचंदं सहा पौंड आणा भावजी. पॅन एका मोठ्या ट्रेवर चार-चार, मधे जागा सोडून, नाहीतर भिंतीकडचे जळतात. ओव्हनचं दार पहिली वीस मिनिटं कुणी उघडणार नाही. बारा थँक्सगिव्हिंगच्या आधी वाटायचे, बारा क्लिंग रॅप आणि वर फॉइल लावून फ्रीझरमध्ये, डिसेंबरसाठी. दोन-तीन महिने काही होत नाही.

दादा: फ्रीझरचं मी बघतो. पूर्ण गार झाल्यावर. घड्याळ लावून.

मोठी वहिनी: तुम्ही सोलायला बसा. गुंडाळायला नाही.

दादा: बरं.

ताई (डेन्व्हर): पोस्टमनना देता येतो ना गं? इथे कुणीतरी म्हणालं त्यांना भेट घेता येत नाही.

नाना: येते. वीस डॉलरपर्यंतची वस्तू एका वेळी, वर्षभरात एकाच घराकडून एकूण पन्नासपर्यंत. रोख पैसे अजिबात नाही. लोफ बसतो त्यात. पण चिठ्ठी.

पुतणी: चिठ्ठी तयार! बघा: "सफरचंदाचा ब्रेड. गहू, अंडं, दूध आहे. आक्रोड नाहीत, पण आमच्या स्वयंपाकघरात वापरतो." खाली तारीख. आत्याआजींच्या लोफांना हिरव्या शाईत "अंडं नाही".

नाना: शाब्बास बाळा.

आत्या: माझ्याच्या खाली "साखर कमी" असं पण लिही. म्हणजे घालावीच लागेल कमी.

मोठी वहिनी: आत्या, अर्धा कप. याहून कमी केली तर मऊपणा जातो, साखर ओल धरून ठेवते. चालेल?

आत्या: चालेल.

मोठी वहिनी: आणि पहिला लोफ शेजारच्या आजींना. मी स्वतः घेऊन जाणार, रविवारी, पूर्ण गार झालेला. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. गेल्या वर्षीनंतर त्यांच्याकडे जायला मला इतका संकोच वाटत होता की नाताळलाही मी बाहेरूनच पिशवी ठेवून आले होते.

धाकटी वहिनी: मी पण येते तुमच्याबरोबर.

दादा: मी पण. सांगायचं आहे त्यांना.