मदत हवी आहे: एकाच स्टाफवर सोप्रानो आणि आल्टो, लांबी वेगळी असली की कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी,

चार आवाजांची एक रचना म्यूझस्कोर ४ या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवते आहे. वरच्या ट्रेबल स्टाफवर (पाच रेघांवर) सोप्रानो-आल्टो हे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, खालच्या बास स्टाफवर टेनर-बास हे पुरुषांचे. पहिले सहा बार (चार-चार ठोक्यांचे भाग) सहज झाले, कारण तिथे दोन्ही आवाज एकाच लयीत चालतात. आधी आल्टोचा स्वर टाकायचा, मग शिफ्ट दाबून त्यावर सोप्रानोचा.

अडले ते सातव्या बारला. ताल ४/४. पहिले दोन ठोके सोप्रानो 'जी' धरून ठेवते, म्हणजे हाफ नोट. तेवढ्यात आल्टो 'ई' आणि 'डी' अशा दोन क्वार्टर नोट गाते. पुढचे दोन ठोके दोघींनाही हाफ नोट आहे, सोप्रानोला 'ई', आल्टोला 'सी'. कॉर्डमध्ये, म्हणजे एकाच दांडीला (उभ्या रेघेला) जोडलेल्या स्वरांत, सगळ्यांची लांबी एकच, म्हणून मी 'जी'च्या दोन क्वार्टर केल्या आणि टायने (दोन्ही मिळून एकच स्वर धरायचा, असे सांगणाऱ्या कमानीने) जोडल्या. ऐकायला अगदी बरोबर. पण छापून सरावाला नेले, तर आल्टोतल्या एकीने ती टायची कमान आपलीच समजून 'ई' दोन्ही ठोके धरला. तिला दोष कसा देणार? दोघींच्या स्वरांना दांडी एकच होती. तेव्हापासून हे नीट करायचेच, असे मनात घेतले आहे.

एक्स दाबून दांडी उलटवून पाहिली, तर अख्ख्या कॉर्डची फिरली. मग व्हॉइस २ मध्ये, म्हणजे त्याच स्टाफवरच्या दुसऱ्या स्वतंत्र ओळीत, 'ई' आणि 'डी' टाकले. ते छान बसले, पण तिसऱ्या ठोक्यावर नको असलेला हाफ रेस्ट (विरामाचे चिन्ह) आला. तो पुसू का? शिवाय अकराव्या बारमध्ये दोघी 'बी'वरच आहेत, सोप्रानोची हाफ नोट आणि आल्टोची क्वार्टर. तिथे दोन नोटहेड (स्वरांचे गोळे) शेजारी शेजारी दिसतात. ही चूक समजायची का?

प्रतिसाद १

ताई, व्हॉइस म्हणजे स्वतंत्र हिशेब. बारचे चारही ठोके प्रत्येक व्हॉइसला आपापले पुरे करावे लागतात. तुमच्या आल्टोचा 'सी' अजून व्हॉइस १ च्या कॉर्डमध्ये आहे, म्हणून व्हॉइस २ ला तिसऱ्या-चौथ्या ठोक्यावर काहीच सापडत नाही आणि तो रेस्ट मांडतो. पुसू नका. कॉर्डमधला फक्त खालचा 'सी' निवडा आणि व्हॉइस २ चे बटण दाबा. स्वर रेस्टच्या जागी जाऊन बसेल आणि त्याची दांडी आपोआप खाली वळेल. मग वर टायने जोडलेल्या दोन क्वार्टर काढून एकच हाफ नोट लिहा.

निवडलेल्या गोष्टीचा रंग पाहायची सवय लावा: निळा व्हॉइस १, हिरवा २, नारिंगी ३, जांभळा ४. हिरवा रेस्ट डिलीटने जातो. निळा जात नाही, तो व्ही दाबून फक्त लपवता येतो. पण आल्टो खरोखर गप्प असेल तिथला रेस्ट राहू द्याच. त्याच्याच आधारावर तिला पुढची एन्ट्री मोजायची असते.

अकराव्या बारमधले बरोबर आहे. हाफ नोट पोकळ, क्वार्टर भरीव. एकच नोटहेड दोन्ही कसे दाखवणार? क्वार्टर आणि एट्थ (अर्ध्या ठोक्याची) असत्या तर दोन्ही भरीव म्हणून एका नोटहेडला वर-खाली दोन दांड्या लागल्या असत्या.

आणि माझे ऐकाल तर पहिले सहा बारही दोन व्हॉइसमध्ये करा. काम वाढेल, मान्य. पण मधेच एक दांडी, मधेच दोन, असे झाले की वाचणाऱ्याची नजर अडखळते. आल्टोची दांडी पहिल्या बारपासून खालीच असली की तिला आपली ओळ शोधावी लागत नाही.

प्रतिसाद २

शब्दांकडेही लक्ष असू द्या. मी लिलिपाँड वापरतो, त्यात स्वर मजकुरासारखे टाइप करून लिहायचे असतात. तिथे दुहेरी बॅकस्लॅशने मधेच दोन व्हॉइस उघडले, की ते नवे व्हॉइस धरले जातात आणि आधीच्या व्हॉइसला बांधलेले शब्द त्या तुकड्यातल्या स्वरांखाली येत नाहीत. हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली होती. म्यूझस्कोरमध्ये शब्द ज्या स्वरावर लिहाल त्याला चिकटतात. सातव्या बारमध्ये आल्टोला दोन अक्षरे आहेत का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'सी' निवडून व्हॉइस २ दाबले आणि रेस्ट खरेच गेला! सहाही बार बदलले. कंट्रोल धरून आल्टोचे स्वर एकदम निवडता येतात, त्यामुळे वाटले होते त्यापेक्षा लवकर झाले.

हो, आल्टोला तिथे दोन अक्षरे आहेत, सोप्रानोला एकच लांबवलेले. मी सगळे शब्द सोप्रानोच्या स्वरांवर लिहिले होते, म्हणून 'डी'खाली काहीच नव्हते. आता आल्टोचा 'ई' निवडून कंट्रोल-एलने तिची अक्षरे वेगळी लिहिली. दोन्ही ओळी स्टाफखाली एकमेकींवर आल्या, तेव्हा त्या बारपुरते सोप्रानोचे शब्द स्टाफच्या वर नेले. टेनर-बासचा स्टाफ आज रात्री करते. तिथे चौदाव्या बारमध्ये टेनर बासच्या खाली उतरतो. तरीही टेनरची दांडी वरच ठेवायची ना?

प्रतिसाद १

वरच. स्वर कितीही खाली उतरला तरी दांडी आवाजाची. टेनर तीच बघून आपला स्वर ओळखेल.