जबडा मागे असेल तर थांबू नका
ताई, मुलगी ११ वर्षांची, वरचे दात पुढे आलेले आणि घरचे म्हणताहेत 'सगळे दात येऊ देत, मग बघू', असं तुम्ही लिहिलंय. थांबू नका, कळकळीने सांगतोय. वरचे दात खालच्यांवर २-३ मिमी येणं नॉर्मलच. पण तिला दात मिटायला सांगून बाजूने बघा, हनुवटी मागे दिसते का? खालचे दात टाळूला टोचतात का? खालचा जबडाच मागे असेल तर तो पुढे आणणारं ट्विन ब्लॉकसारखं काढघालीचं उपकरण वाढीच्या वयातच नीट काम करतं, आणि मुलींची ती वाढ लवकर उरकते. नंतर तारांनी दात सरकतात, जबडा नाही; फरक फारच असेल तर ऑपरेशन. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्टला (वाकडे दात-जबडा नीट करणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा. आणि तारा निघाल्या तरी रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचं उपकरण) चुकवू देऊ नका.