थायरॉईडची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेतलं तर चालतं का?

सांगलीची_लेक
आई ६४ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी आणि दोन्ही जेवणांबरोबर शुगरसाठी मेटफॉर्मिन, बरीच वर्षं चालू आहे. हल्ली थकवा येतो, तळपायांना मुंग्या येतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तिने मेडिकलमधून ताकदीची गोळी आणली. मल्टिव्हिटॅमिनच आहे, त्यात लोह आणि कॅल्शियमही आहे. विसरायला नको म्हणून थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेते. लघवी गर्द पिवळी होते म्हणून घाबरलीय. चालू ठेवू की बंद करू?

मेडिकलवाले_काका
ताई, आधी या दोन गोळ्या वेगळ्या करा, उद्या सकाळपासूनच. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, पोटात धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. चार तासांचं अंतर हवंच. टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढला म्हणून डोस वाढवून घेतलेले आणि सकाळी सगळ्या गोळ्या एका घोटात घेणारे पेशंट मी काउंटरवर कितीतरी पाहिलेत. फार जीव तुटतो.

मल्टिव्हिटॅमिन दुपारच्या जेवणानंतर द्या. पोटात अन्न असलं की मळमळत नाही, शिवाय ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं तेलातुपाबरोबर चांगली शोषली जातात. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने लोह वाया जातं. पिवळा रंग बी२ जीवनसत्त्वाचा, त्याची भीती नाही.

मला काळजी वाटते ती मुंग्यांची. बी१२ जीवनसत्त्व कमी पडलं की मुंग्या येतात. आहार शाकाहारी, म्हणजे ते कमीच मिळतं, त्यात मेटफॉर्मिनने बी१२चं शोषण घटतं. पाकिटावर बी१२समोर किती एमसीजी (मायक्रोग्रॅम) आहे ते वाचा.

सांगलीची_लेक
काका, १ एमसीजी लिहिलंय. फॉलिक ॲसिडही आहे. तेवढं पुरेल ना?

मेडिकलवाले_काका
नाही पुरणार. धडधाकट माणसाचीच रोजची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली २.२ एमसीजी धरलीय. दूध-दह्यातून थोडं मिळत असेल, पण कमतरता झाली असेल तर ती अशाने भरून निघत नाही. आणि नुसत्या फॉलिक ॲसिडवर राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. म्हणून बी१२ तपासून घ्या. कुणाच्या सांगण्यावरून आधीच इंजेक्शन घेऊ नका, मग मूळचा आकडा कळत नाही. मुंग्या शुगरमुळेही येतात, तेव्हा डॉक्टरांना पाय दाखवाच. आणि मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, बी१२ वेगळं देता येतं.

लॅबमधली_ताई
रक्त द्यायच्या आधी पाकिटावर बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) आहे का बघा. केसांच्या गोळ्यांत ते भरपूर असतं आणि त्याने थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते रक्त घेणाऱ्याला सांगा. बायोटिन जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी ती गोळी थांबवा.

सांगलीची_लेक
बायोटिन आहे, पण अगदी थोडं. तरी पाकीटच बरोबर नेते. थायरॉईडची गोळी उशाशी आणि ही जेवणाच्या टेबलावर, अशी जागा बदलून दिलीय. आठवड्याला ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडीही चालू आहे तिची. ती चालेल का यासोबत?

मेडिकलवाले_काका
पुडी किती आठवडे सांगितलीय ते चिठ्ठीवर बघा. ही आठ-बारा आठवड्यांसाठी देतात, आणि लोक वर्षानुवर्षं घेत राहतात. डी साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मुदत संपली असेल तर पुढची पुडी डॉक्टरांना विचारूनच.