नवी कार घेताना ऑन-रोड (टॅक्स, विमा सगळं धरून) आकड्यावर भाव करू नका भाऊ
एकानं लिहिलं की कारची किंमत कंपनीच ठरवते, शोरूमवाल्याशी घासाघीस करून काही भेटत नाही. एक्स-शोरूमपुरतं (टॅक्स-विम्याआधीची किंमत) ते बऱ्यापैकी खरं आहे पण भाऊ, खरा खेळ कोटेशनच्या खालच्या ओळींमध्ये असते न. कोटेशन छापील मागा, एकेक रक्कम वेगळी. आरटीओचा टॅक्स हलत नाही, तो सरकारचा. विमा मात्र शोरूमचाच घ्या अशी सक्ती नाही, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) ३ वर्षांचा लागतेच, बाकी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा १ वर्षाचाही चालते, बाहेरून त्याचं कोटेशन आणून टेबलावर ठेवा मग पहा आकडा कसा खाली येते ते.

माझ्या साळ्याच्या गाडीच्या वेळी एका शोरूममध्ये 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ होती, आम्ही म्हटलं हे कायचे पैसे, कोणत्या नियमानं घेता ते लिहून द्या, तर तो पोरगा आत साहेबाकडं जाऊन आला अन् पेनानं ती ओळच खोडली.

यवतमाळले भाव करायचा तर अमरावती-नागपूरचंही कोटेशन हातात ठेवा. डिसेंबरात सूट चांगली भेटते पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते फॉर्म २२ वर (गाडीसोबत येणारं कंपनीचं प्रमाणपत्र) पाहून घ्या.

अन् कापसाचे पैसे आले म्हणून थैली भरून नगद नेऊ नका, २ लाख किंवा त्यावर रोख शोरूमले घेताच येत नाही. बँकेतून आरटीजीएस करा, शोरूमच्याच खात्यावर, सेल्समनच्या नाही.