लिव्हर इलास्टोग्राफी: एकाच पेशंटची रीडिंग्ज ५ ते ११ किलोपास्कल का येतात?

सोनो_हडपसर
सोनोग्राफी सेंटरवर नवीन मशीन घेतलंय, टू-डी शिअर वेव्हसकट (लिव्हरमध्ये लहर उठवून तिच्यावरून स्टिफनेस, म्हणजे कडकपणा, किलोपास्कलमध्ये काढायची सोय). फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये एकाच बैठकीत ५.२ पासून ११ पर्यंत काहीही येतं. आयक्यूआर (मधल्या निम्म्या रीडिंग्जचा पसारा) भागिले मिडियन (मधलं रीडिंग) ४० टक्क्यांच्या वर. पेशंट उताणा, मोठा श्वास घेऊन रोखायला सांगतो. मशीनमध्ये दोष असेल का?

कोथरूड_रेडिओ
आधी श्वास सुधारा. मोठा श्वास घेऊन रोखला की हिपॅटिक व्हेन्समधला (लिव्हरच्या शिरांमधला) दाब बदलतो आणि स्टिफनेस वाढलेला दिसतो. साधा श्वास चालू असतानाच "थांबा" म्हणायचं, चार-पाच सेकंद पुरतात.

उजवा हात डोक्याखाली, म्हणजे फासळ्यांमधली जागा उघडते. प्रोब तिथून उजव्या लोबवर, कॅप्सूलला (लिव्हरच्या आवरणाला) काटकोनात. बॉक्स (मापनाची चौकट) कॅप्सूलखाली १.५ ते २ सेंमी ठेवा. त्याहून वर घेतलात तर रिव्हर्बरेशनमुळे (कॅप्सूलजवळच्या प्रतिध्वनींमुळे) आकडा फुगतो, फार खाली गेलात तर पुश पल्सच (लहर उठवणारा अल्ट्रासाउंडचा धक्का) पोचत नाही. चरबी असलेल्या लिव्हरमध्ये ती आणखी लवकर विरते. डावा लोब नकोच, हृदयाचे ठोके तिथवर जाणवतात.

आणि पेशंट किमान ४ तास उपाशी हवा. आपल्याकडे "सकाळी फक्त पोहे-चहा घेतला" म्हणणारे बरेच येतात. त्यांना सरळ दुपारची वेळ द्या.

लहर_औंध
मशीन मोजतं ती लहरीची गती. किलोपास्कल हा त्यावरून केलेला हिशोब: ३ × घनता × गतीचा वर्ग. १.५ मी/से म्हणजे ६.७५, १.८ म्हणजे ९.७. गती २० टक्क्यांनी चुकली की किलोपास्कल ४४ टक्क्यांनी चुकतो. म्हणूनच आयक्यूआर/मिडियनची मर्यादा किलोपास्कलमध्ये ३० टक्के, पण मी/से मध्ये १५ टक्केच आहे.

२ मी/से ची लहर ४ सेंमीचा बॉक्स २० मिलिसेकंदांत पार करते. ओळीओळीने स्कॅन करून सेकंदाला ५० फ्रेम काढणाऱ्या मशीनला तेवढ्यात एकच फ्रेम मिळते. पॅरिसला मथियास फिंक यांच्या गटाने प्लेन वेव्हने (ओळीओळीऐवजी पूर्ण भाग एकदम टिपून) सेकंदाला हजारो फ्रेम काढून दाखवल्या, तेव्हा कुठे हे शक्य झालं. पण इतक्या थोड्या वेळातल्या मापात प्रोब किंचित सरकला तरी स्टिफनेसच्या रंगीत नकाशात भोकं पडतात. रंग पूर्ण भरून स्थिर झाल्याशिवाय फ्रीझ करू नका.

सोनो_हडपसर
आभारी आहे. कॅप्सूलच त्वचेपासून ३ सेंमी खाली असेल तर? आणि कट-ऑफ कोणते वापरता?

कोथरूड_रेडिओ
डाव्या कुशीकडे साधारण ३० अंश वळवून बघा. तरीही पाच चांगली रीडिंग्ज मिळाली नाहीत तर आकडा देऊ नका, "मापन विश्वासार्ह नाही" असं स्पष्ट लिहा.

कट-ऑफ सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंडचे, २०२० चे: ५ किलोपास्कलपर्यंत नॉर्मल; ९ च्या खाली, इतर लक्षणं नसतील तर, लिव्हरचा क्रॉनिक ॲडव्हान्स्ड (जुनाट, पुढच्या टप्प्याचा) आजार नाही; ९ ते १३ शंका; १३ च्या वर जवळपास नक्की. फॅटी लिव्हरमध्ये मात्र ७ ते ९ वाल्यांनाही सोडू नका, पुढची तपासणी सुचवा. एसजीओटी-एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स) खूप वाढलेलं असेल, पित्तमार्ग अडलेला असेल किंवा उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर असेल तर फायब्रोसिस (लिव्हरमधले व्रणासारखे तंतू) नसतानाही आकडा चढतो, तो रक्ताचा रिपोर्ट पाहूनच लिहा. फायब्रोस्कॅनच्या (इलास्टोग्राफीचं वेगळं मशीन) जुन्या आकड्याशी तुलना नको, फॉलो-अप त्याच मशीनवर करा.