जुने अ‍ॅडव्हेंचर गेम: 'क्लासिक' म्हणावेत असे पाच हवेत, तातडीने

निशिगंध (मंगळवार, रात्री ९.४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि वेळ कमी आहे. शनिवारी आमच्याकडे जुने अ‍ॅडव्हेंचर गेम मांडायचे आहेत. पाच नावं गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायची आहेत. नेटवर 'सर्वोत्तम शंभर' छापाच्या याद्या वाचून डोकं उठलंय. प्रत्येक यादीत गेम वेगळे, आणि का निवडले ते कुणी लिहीत नाही. प्रत्येक गेमसमोर 'हा क्लासिक का' याचं एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे. १९९८ चा ग्रिम फँडँगो माझ्या मनात पक्का आहे. उरलेले चार सुचवा.

वाटसरू (मंगळवार, रात्री ९.५२)

मांडायचे म्हणजे काय? खोकी टेबलावर ठेवायची, पडद्यावर दाखवायचे की लोकांनी खेळायचे? येणार कोण? मशीन कुठली?

रानवारा (मंगळवार, रात्री १०.०५)

प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह! बाकी काही ठेवलं नाही तरी चालेल. आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर चहाला गेले की सगळ्या मशीनवर प्रिन्स सुरू व्हायचा. 'प्रिन्स मेगाहिट' टाईप करून सुरू केलं की पुढची लेव्हल गाठता यायची, हे ज्याला माहीत तो वर्गाचा राजा.

टेक्स्टमोड (मंगळवार, रात्री १०.२०)

हे दोन्ही धावण्या-उड्या मारण्याचे गेम आहेत, गोष्टीतून वाट काढत कोडी सोडवण्याचे नव्हेत. धागा अ‍ॅडव्हेंचरचा आहे.

त्या प्रकाराचं नावच मुळी एका गेमवरून पडलं. विल क्राउदर हा प्रोग्रॅमर आणि गुहा धुंडाळणारा माणूस. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या मोजमापात तो स्वतः उतरला होता. घटस्फोटानंतर मुलींना खेळायला म्हणून त्याने पीडीपी-१० या तेव्हाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर फोर्ट्रान भाषेत ती गुहा शब्दांत बांधली; हुकूम टाईप करत तिच्यात फिरायचं. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने ती वाढवली आणि 'अ‍ॅडव्हेंचर' विद्यापीठांच्या मशीनांवर पसरला. त्यातून एमआयटीत झोर्क झाला. घरगुती कॉम्प्युटरवर मावावा म्हणून इन्फोकॉम कंपनीने त्याचे तुकडे केले आणि तो एका काल्पनिक मशीनसाठी लिहिला. प्रत्येक खऱ्या कॉम्प्युटरसाठी फक्त छोटा दुभाषा प्रोग्रॅम लिहायचा, गेम तोच राहतो. म्हणून १९८० चा झोर्क आजच्या फोनवरही चालतो. पाचपैकी दोन जागा अ‍ॅडव्हेंचर आणि झोर्कच्या. त्याशिवाय यादीला अर्थ नाही.

जुनी_फ्लॉपी (मंगळवार, रात्री १०.४१)

पहिला असणं वेगळं आणि क्लासिक असणं वेगळं. गुहेत वाट चुकून तास घालवणं आज कुणाला आवडेल?

माझं मत द सीक्रेट ऑफ मंकी आयलंडला, १९९०. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर, डेव्ह ग्रॉसमन. त्याच्या आदल्या वर्षी गिल्बर्टने लेख लिहून तेव्हाच्या अ‍ॅडव्हेंचर गेमांच्या खोडी नावानिशी मांडल्या होत्या: विनाकारण मरण, मागे राहिलेल्या एका वस्तूपायी तासांनंतर अडकणं, डिझायनरच्या मनातला शब्द ओळखायला लावणं. मग त्याने ते सगळं टाळून गेम करून दाखवला. तलवारबाजीसुद्धा टोमण्यांची! समोरच्याच्या टोमण्याला नेमकं प्रत्युत्तर दिलंत तर सरशी तुमची. हरलात तरी नवा टोमणा शिकून येता. हरण्यातूनही काही हाती लागतं, ही कल्पना मला आजही थोर वाटते.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ११.०२)

'त्यात मरत नाही' हे अर्धसत्य आहे. मंकीचा नायक गायब्रश पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. त्याहून जास्त वेळ त्याला तिथे ठेवा, मरतो.

आणि सिएरा कंपनीला विसरून चालणार नाही. १९८० मध्ये तिच्या रॉबर्टा विल्यम्सने मिस्टरी हाऊसमध्ये अ‍ॅडव्हेंचरला चित्रं दिली. १९८४ च्या किंग्ज क्वेस्टमध्ये तुमचा माणूस झाडामागे गेला की दिसेनासा व्हायचा, पुढे आला की दिसायचा. पुढचे सगळे त्याच वाटेने गेले. मंकी आयलंड करणाऱ्या लुकासवाल्यांनी घर बांधलं असेल, जमीन सिएराची.

जुनी_फ्लॉपी (मंगळवार, रात्री ११.१५)

त्याच किंग्ज क्वेस्टमधलं बुटक्याच्या नावाचं कोडं आठवा. 'उलटा विचार करणं कधीकधी शहाणपणाचं' एवढीच चिठ्ठी. माणूस नाव उलटं लिहून बघतो, तर ते चूक. ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय अशी सगळी बाराखडी फिरवून नाव लिहायचं! आणि पाचव्या भागात भूक लागली म्हणून जवळचा पाय (कस्टर्ड भरलेला गोड पदार्थ) खाल्लात, की पुढे यतीच्या तोंडावर फेकायला तो उरत नाही. गेम हे सांगतही नाही. याला मी क्लासिक म्हणणार नाही.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ११.२४)

त्या काळी सगळे मित्र मिळून एक गेम महिनोन्‌महिने खेळायचे. एकाला सुटलं की दुसऱ्याला फोन. अवघड असण्यातच गंमत होती. आणि जपून सेव्ह करत जायचं, हे कुणाला सांगावं लागत नसे.

सिलिकॉन_सांगली (बुधवार, सकाळी ७.३०)

गेमिंगला किमान १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्याच. इंटिग्रेटेडवर फ्रेम तुटतात. घाई नसेल तर दिवाळी सेलपर्यंत थांबा.

निशिगंध (बुधवार, सकाळी ८.१०)

लॅपटॉप घ्यायचा नाहीये! कॉलेजच्या लॅबचे जुने लॅपटॉप आहेत, त्यावरच चालवायचंय. लोक खेळणार, अर्थातच. दाखवायचं असतं तर यूट्यूब पुरलं असतं. गेम-डिझाइनच्या पहिल्या वर्षाची मुलं आहेत, प्रत्येक टेबलावर वीसेक मिनिटं. त्यांनी हात लावून ठरवावं असं मला वाटतं. काल रात्रीपासून भांडण वाचतेय, पण एक नाव पक्कं होत नाहीये.

वाटसरू (बुधवार, सकाळी ८.२५)

आता प्रश्न कळला. वीस मिनिटं हीच खरी अट आहे. अजून सांगा: हॉलमध्ये नेट आहे का? हेडफोन आहेत का? मुलांचं इंग्रजी कसं? आणि गेम विकत घ्यायला कॉलेज पैसे देणार का?

निशिगंध (बुधवार, सकाळी ८.४०)

नेट नाही. हेडफोन दोन. निम्मी मुलं मराठी माध्यमातली, इंग्रजी वाचतात पण भराभर नाही. पैसे एक-दोन गेमपुरते मिळतील. प्रोजेक्टरही आहे.

मृगजळ (बुधवार, सकाळी ९.०५)

जुने गेम टाकून दिलेल्या गेमांच्या साइटवरून फुकट उतरतात, पैसे कशाला?

वाटसरू (बुधवार, सकाळी ९.१२)

कंपनीने विकणं थांबवलं म्हणून हक्क संपत नाहीत. कॉलेजच्या नावावर असलं काही करू नका, शिवाय गरजच नाही. बिनीथ अ स्टील स्काय (१९९४) रिव्होल्यूशन कंपनीने २००३ मध्येच अधिकृतपणे मोफत केला, स्कमव्हीएमच्या साइटवर मिळतो. पार्श्वभूमीच्या चित्रांमागे कॉमिक्सवाले डेव्ह गिबन्स आहेत. झोर्कच्या पहिल्या तिन्ही भागांचा सोर्स कोडही २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, खुला केला.

स्कमव्हीएम म्हणजे गेमचं मूळ इंजिन नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम. मूळ डेटा फाइल द्यायच्या, बाकी तो बघतो. लॅबच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. पेन ड्राइव्हवर न्या.

इंग्रजी कमी लागणारा हवा तर गॉब्लिन्स, १९९१, फ्रान्सच्या कॉक्टेल व्हिजनचा. तीन गॉब्लिन: एक ठोसा मारतो, एक जादू करतो, एक वस्तू उचलतो. वाचायला जवळपास काही नाही. एका पडद्यावर एक कोडं, त्यामुळे वीस मिनिटांत मुलांच्या हातून काहीतरी पुरं होईल.

टेक्स्टमोड (बुधवार, सकाळी ९.४०)

म्हणजे शब्दांचा गेम बाद? एकेकट्याला बसवू नका ना! झोर्क प्रोजेक्टरवर लावा. एक मुलगा टाईप करेल, बाकीचे सांगतील. पांढरं घर, समोर पत्रपेटी, दार फळ्या ठोकून बंद. मागे जाऊन किलकिली खिडकी सापडेपर्यंत सगळे ओरडायला लागतील. आत गालिचा सरकवला की तळघराचं दार. कंदील न पेटवता अंधारात फिरलात तर ग्रू नावाचा राक्षस खाणार. इंग्रजी कुणाला तरी येतंच, तो बाकीच्यांना सांगतो. आम्ही असाच खेळलो. 'अ‍ॅडव्हेंचर' सोडला, झोर्क सोडणार नाही.

जुनी_फ्लॉपी (बुधवार, सकाळी ९.५१)

याला +१. कल्पना फारच चांगली आहे.

रानवारा (बुधवार, सकाळी १०.१५)

प्रिन्स पण प्रोजेक्टरवर मस्त दिसेल.

वाटसरू (बुधवार, सकाळी १०.२२)

प्रिन्सप्रेमींसाठी: प्रिन्स करणाऱ्या जॉर्डन मेकनरनेच १९९७ मध्ये खराखुरा अ‍ॅडव्हेंचर केला, द लास्ट एक्सप्रेस. जुलै १९१४, पॅरिसहून सुटलेली ओरिएंट एक्सप्रेस, पुढे आठवडाभरात महायुद्ध. डब्यातले प्रवासी आपापल्या वेळेने उठतात, जेवतात, कुजबुजतात, तुम्ही तिथे असा वा नसा. एका दारापाशी कान लावाल तर दुसऱ्या डब्यातलं बोलणं हुकतं. चुकलात तर घड्याळ मागे फिरवायचं. विक्री फार कमी झाली, म्हणून याद्यांत क्वचित दिसतो. वीस मिनिटांत मात्र गाडी नीट धावायलाही लागत नाही.

निशिगंध (बुधवार, दुपारी १.३०)

आणि मिस्ट? कुणी नावच काढलं नाही!

जुनी_फ्लॉपी (बुधवार, दुपारी १.४४)

मुद्दाम काढलं नाही. एकामागून एक स्थिर चित्रं. माणसं नावापुरती, संवाद जवळपास नाहीच.

गोदाकाठ (बुधवार, दुपारी २.०५)

इथे मी फ्लॉपींशी अजिबात सहमत नाही. १९९३ मध्ये मिलर बंधूंनी मॅकवरच्या हायपरकार्डमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कार्डांतून प्रोग्रॅम बनवायच्या साधनात, तो बांधला. सामानाची पिशवी नाही, मरण नाही, नियमांची यादी नाही. बेटावर उभे राहा, खटका दिसला तर ओढा. गेम कधीही न खेळलेल्यांनी तो विकत घेतला, साठ लाखांवर प्रती खपल्या. काय करायचं ते न सांगता जागा माणसाला कसं शिकवते, हे डिझाइनच्या मुलांना आणखी कुठे दिसणार? हेडफोनची एक जोडी तिकडे द्या. काही कोडी कानाने सुटतात.

निशिगंध (बुधवार, रात्री ८.५०)

ठरवलं. प्रोजेक्टरवर झोर्क. टेबलांवर मंकी आयलंड, मिस्ट, गॉब्लिन्स. पैसे मंकी आणि मिस्टवर जातील, गॉब्लिन्सची डिस्क एका मित्राकडे आहे. पाचवा ग्रिम फँडँगो. अ‍ॅझ्टेक श्रद्धा, मेक्सिकोतला मृतांचा दिवस आणि चाळीसच्या दशकातले गुन्हेपट एकत्र आणून मेलेल्यांचं जग उभं करायचं, हे धाडस मला मुलांना दाखवायचंच आहे.

वाटसरू (बुधवार, रात्री ९.०५)

श्रद्धा समजते, पण वीस मिनिटांत नायक मॅनीच्या ऑफिसातल्या नळ्यांतच मुलं अडकतील. रुबाकावा शहर दिसणारच नाही, आणि 'धाडस' आहे ते तिथे. टेबल स्टील स्कायला द्या, मोफत आहे.

निशिगंध (बुधवार, रात्री ९.२०)

रुबाकावापर्यंतचा सेव्ह मी स्वतः खेळून करून नेईन. ग्रिम राहणार. स्टील स्कायची फाइल मुलांना पेन ड्राइव्हवर घरी देते.

जुनी_फ्लॉपी (बुधवार, रात्री ९.३१)

मग मंकीचाही सेव्ह घ्या. थेट टोमण्यांच्या लढाया सुरू होतात तिथला. आणि नवी आवृत्ती लावलीत तर एफ१० दाबून जुनी चित्रं दिसतात, मुलांना ते दाखवा.

गोदाकाठ (बुधवार, रात्री ९.४०)

किंग्ज क्वेस्टला पूर्ण टेबल नको. झोर्क संपला की प्रोजेक्टरवर दोन मिनिटं द्या. राजाला झाडामागून एकदा चालवा, बस.

निशिगंध (बुधवार, रात्री ९.४८)

दोन मिनिटं दिली. फाइल कुठून घ्यायची तेवढं खासगी निरोपाने कळवा, उद्या सकाळी लॅब उघडते.